मार्चमध्ये घसरायला चला!

इकडे पारा चाळिशीकडे निघालेला असतो, तिकडे गुलमर्गच्या उतारांवर अजून बर्फ असतो. स्कीइंग शिकायचं असेल तर आपल्यासारख्या उन्हातल्या माणसांसाठी हाच सीझन बेस्ट. अट एकच, एका दिवसाची चक्कर मारून परत यायचं नाही!

मार्च महिना म्हणजे काय? टार्गेट, क्लोजिंग, टॅक्सचे कागद, अप्रेझलचा फॉर्म आणि एचआरचा तो ठरलेला मेल, 'उरलेल्या सुट्ट्या संपवा, नाहीतर लॅप्स होतील.' मग आपण काय करतो? दोन दिवस झोपतो, एक दिवस बँकेची कामं उरकतो, एक दिवस मॉलमध्ये एसीची हवा खातो आणि सोमवारी पुन्हा लॉग-इन. सुट्टी संपते, पण सुट्टी झाल्यासारखं काही वाटत नाही.

याच दिवसांत काश्मीरमध्ये काय चाललेलं असतं माहितीये? वर निळंशार आकाश, अंगावर कोवळं ऊन आणि पायाला दोन लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून सुसाट खाली येणारी माणसं. याला म्हणतात स्प्रिंग स्कीइंग. कडाक्याची थंडी ओसरलेली, बर्फ मात्र अजून शिल्लक, असे हे मधले दिवस. युरोप-अमेरिकेत लोक ईस्टरची सुट्टी जोडून खास यासाठी डोंगर गाठतात. आपल्याला परदेशात जायची गरज नाही. देशातलं सगळ्यात मोठं ठिकाण आहे गुलमर्ग.

आता माझं विचाराल तर मी मूळची वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावची, नोकरी पुण्यात. आमच्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, नाहीतर जत्रेतल्या गोळ्यातला. मार्चमध्ये हरभरा निघालेला असतो, शेतं मोकळी झालेली असतात, पळस लालभडक फुललेला असतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा घरात 'मी स्कीइंग शिकायला चाललेय' म्हटल्यावर काय होणार? मोठेबाबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "काऊन वं बाई, बरफावर घसराले पैसे द्या लागतेत का? आपल्या इथं आखाडात काया मातीत लोकं फुकट घसरतेत!"

मुद्दा बिनतोड होता. पण त्या काळ्या मातीचा पुढे फार उपयोग झाला. तो कसा, ते सांगतेच.

गुलमर्ग आहे तरी केवढं?

श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर. गावाची उंची सुमारे २,६५० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे गुलमर्गच्या हॉटेलच्या खोलीत तुम्ही महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकापेक्षा हजार मीटर वर झोपलेले असता. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका, जिमची फी वाया गेलेली नाही. हवाच विरळ आहे.

गावाच्या मधोमध मोठं खोलगट कुरण आहे. उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात आणि हिवाळ्यात त्याच गोल्फ कोर्सवर नवशिके धडपडतात. तिथून निघते प्रसिद्ध गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची केबल कार. तिचा पहिला टप्पा १९९८मध्ये सुरू झाला. तो तुम्हाला साधारण ३,०८० मीटरवरच्या कोंगडोरीला नेऊन सोडतो. दुसरा टप्पा २००५मध्ये सुरू झाला. तो थेट अफरवटच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरपर्यंत जातो. तिथून खाली गावापर्यंतचा उतार म्हणजे तेराशे मीटरची उंची एका दमात उतरणं. जगभरातले पट्टीचे स्कीअर त्यासाठी इथे येतात.

स्कीइंग इथे काही काल-परवा आलेलं नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७मध्ये इथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल इथेच आहे आणि केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही. बीजिंगच्या २०२२च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता आरिफ खान. तोही इथलाच. त्याच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान होतं आणि चौथ्या वर्षापासून तो बर्फावर आहे. आणि हो, 'ये जवानी है दीवानी'मध्ये मनाली म्हणून जो बर्फ दाखवलाय ना, त्यातला बराचसा गुलमर्गचा आहे बॉस!

मार्चच का?

पहिलं कारण थंडी. काश्मिरी माणूस हिवाळ्याचे तीन भाग करतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां', म्हणजे सगळ्यात कडक थंडी. मग वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांची 'चिल्लई बच्चा'. हे सगळं मार्च उजाडेपर्यंत आटोपतं. नाकाचा शेंडा बधिर झालेला असताना नवीन खेळ शिकण्यात काय मजा? मार्चमध्ये दुपारी उन्हात जॅकेटची चेन उघडून बसता येतं.

दुसरं कारण दिवस मोठा असतो. तिसरं कारण गर्दी. ख्रिसमस-न्यू इयरची हनिमून मंडळी गेलेली असतात आणि शाळांच्या सुट्ट्या लागायच्या असतात. चौथं आणि सगळ्यात मोठं कारण स्वतः बर्फ. नव्याने पडणारा भुसभुशीत बर्फ एक्स्पर्ट लोकांना आवडतो, पण नवशिक्याची स्की त्यात रुतते. मार्चमध्ये तोच बर्फ दबून, बसून, एकसारखा झालेला असतो.

मात्र मार्चमधले सगळे दिवस सारखे नसतात, हे नीट लक्षात घ्या. नवशिक्यांचे उतार खाली, गावालगत असतात आणि तिथला बर्फ आधी वितळतो. मार्चअखेरीस खाली ठिकठिकाणी मातकट गवत डोकं वर काढायला लागतं. वर कोंगडोरी आणि अफरवटला बर्फ टिकून असतो, पण तिथे जायला आधी पायावर उभं राहता यायला हवं ना! म्हणून पहिल्यांदा जात असाल तर मार्चचा पहिला पंधरवडा धरा. क्लोजिंगच्या आधी परत यायचं म्हणजे बॉसचीही ना नाही. ज्यांना स्की येतं त्यांनी खुशाल महिनाअखेर गाठावी. परतताना श्रीनगरची ट्युलिप बाग बोनस मिळते. ती साधारण मार्चच्या शेवटच्या दिवसांत उघडते.

साबुदाण्याचा फंडा

स्प्रिंग स्कीइंगचं सगळं गणित घड्याळावर चालतं. फंडा साधा आहे. दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर वितळतो, रात्री तो पुन्हा गोठतो. रोज वितळणं, रोज गोठणं. असं आठवडाभर झालं की बर्फाचे मूळचे नाजूक, टोकदार कण झिजून गोल-गोल दाणे होतात. इंग्रजीत त्याला मक्याची उपमा देतात. मला विचाराल तर तो थेट साबुदाणा आहे.

आणि साबुदाण्यासारखंच, भिजण्यावर सगळं अवलंबून. सकाळी लवकर गेलात तर दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, उतार लादीसारखा टणक असतो, स्कीची धार पकडत नाही आणि पडलात तर चांगलं लागतं. दहाच्या सुमारास ऊन चढलं की वरचा बोटभर थर मोकळा होतो. आता खरी मजा! स्की आपोआप वळतेय असं वाटतं, पडलं तरी गादीवर पडल्यासारखं वाटतं. ही चैन साधारण एकपर्यंत. त्यानंतर पाणी जास्त झालं की साबुदाण्याचा गिचका होतो. बर्फ जड होतो, स्की अडकते, गुडघे पिरगळतात. त्यात तुम्ही दमलेले असता. 'बस, शेवटची एक फेरी' असं म्हणून केलेल्या फेरीतच हात-पाय मोडतात, हे कुठल्याही इन्स्ट्रक्टरला विचारा.

म्हणून टाइमटेबल असं ठेवा. भरपेट नाश्ता, दहा ते एक स्कीइंग, मग जेवण, उन्हात लोळणं, कहवा. ऑफिसात कधी मिळालंय असं टाइमटेबल?

एक जादाची टीप. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, पश्चिमेकडचा उशिरा. जरा जाणकार झालात की उन्हामागे फिरत अर्धा-एक तास वाढवता येतो.

पहिले दोन दिवस फक्त पडायचं

आता शिकण्याविषयी. स्कीचे बूट म्हणजे प्लॅस्टिकचे कडक, नडगीपर्यंत येणारे डबे. ते घालून चालताना आपण रोबोटसारखे दिसतो. बूट घट्टच हवा, पण बोटं हलायला हवीत. आत एकच जाड मोजा. दोन मोजे घातले की घड्या पडतात आणि संध्याकाळपर्यंत फोड. बुटाची टाच स्कीच्या कडीत खट्कन बसते. जोरात पडलात तर ती कडी आपोआप सुटते आणि पाय वाचतो. ती किती जोराने सुटावी हे तुमच्या वजनावर आणि तुम्ही किती नवखे आहात यावर ठरवतात. त्यामुळे भाड्याच्या दुकानात वजन विचारलं तर लाजून पाच किलो कमी सांगू नका!

पहिला धडा पडायचा. कुल्ल्यावर, एका बाजूला, हात मोकळे ठेवून. पडताना काठी घट्ट धरून ठेवली की अंगठा दुखावतो. दुसरा धडा उठायचा. स्की उताराला आडव्या करायच्या आणि मग उठायचं. तिसरा धडा थांबायचा. दोन्ही स्कींची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, म्हणजे पायाखाली पिझ्झाची फोड तयार होते. दोन्ही समांतर ठेवल्या की फ्रेंच फ्राइज. पिझ्झा म्हणजे ब्रेक, फ्रेंच फ्राइज म्हणजे सुटलात. गुलमर्गच्या गोल्फ कोर्सवर दिवसभर 'पिझ्झा, पिझ्झा!' असा ओरडा चालू असतो. भूक लागते हो अगदी.

आणि आता ती काळी माती. उतारावर वेग वाढला की माणूस घाबरून मागे झुकतो. तिथेच घात होतो. वजन टाचेवर गेलं की स्कीची पुढची बाजू हलकी होते, वळत नाही आणि वेग आणखी वाढतो. इन्स्ट्रक्टर सारखा ओरडत होता, "मॅडम, पीछे मत बैठो, आगे झुको!" सोबतच्या मुंबई-दिल्लीच्या मुलांना हे पचायला वेळ लागला. पण आखाडात आसेगावच्या शेतात चिखलाने जड झालेल्या चपला हातात घेऊन बांधावरून चाललेल्या माणसाला हे ठाऊक असतं. मागे रेललं की आपटलो. गुडघे वाकवायचे, अंग पुढे, नजर चार पावलं पुढे, पायाकडे बघायचं नाही. अगदी तेच. तिसऱ्या दिवशी मी शंभरेक फूट न पडता खाली आले आणि मोठेबाबांचं ते फुकटचं घसरणं कामी आलं, असं घरी फोन करून सांगितलं.

म्हणूनच कळकळीचं सांगणं. गुलमर्ग एका दिवसात 'करू' नका. बहुतेक टूर्स सकाळी श्रीनगरहून निघतात. भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट, गोंडोलाची एक फेरी, स्लेजवर फोटो, स्कीवर उभं राहून आणखी एक फोटो आणि दिवेलागणीला परत. त्यात बर्फ दिसतो, पण हाताला काही लागत नाही. पहिले दोन दिवस पडण्यात जातात, तिसऱ्या दिवशी थांबता येतं, चौथ्या दिवशी वळता येतं आणि पाचव्या दिवशी पहिल्यांदा कळतं की लोक यासाठी एवढे वेडे का होतात. पाच दिवस तरी द्या. सरकारी संस्थांचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. त्यात राहणं, जेवण, सामान आणि शिकवणं एकत्र येतं आणि खिशालाही परवडतं. जागा लवकर भरतात, म्हणून दिवाळीच्या सुमारासच चौकशी सुरू करा. ते जमलं नाही तर नोंदणीकृत इन्स्ट्रक्टर रोजाच्या दराने मिळतो. दर आधी ठरवा, तोच इन्स्ट्रक्टर पाचही दिवस ठेवा.

त्यांचा बर्फ, आपला पाऊस

ब्रोशरमध्ये छापत नाहीत असं एक सांगते. बर्फाचा आता भरवसा राहिलेला नाही.

२०२४च्या जानेवारीत ऐन चिल्लई कलांमध्ये गुलमर्गचं कुरण तपकिरी, कोरडं पडलेलं होतं. त्याचे फोटो देशभर फिरले, बुकिंग धडाधड रद्द झाली. बर्फ पडला तो थेट महिनाअखेरीस. पुढच्याच वर्षी, २०२५च्या फेब्रुवारीत, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलावा लागला. तो ९ ते १२ मार्चला झाला.

टुरिस्टसाठी हा 'प्लॅन फिस्कटला' इतकाच विषय असतो. पण तिथल्या माणसासाठी? स्लेज ओढणारे, घोडेवाले, गाईड, स्की भाड्याने देणारे दुकानदार, टंगमर्गचे टॅक्सीवाले, या सगळ्यांची वर्षाची कमाई या दोन-तीन महिन्यांवर असते. आणि मामला फक्त टुरिझमचा नाही. डोंगरावरचा हा बर्फ उन्हाळाभर हळूहळू वितळतो तेव्हा झऱ्यांना पाणी राहतं, भाताच्या खाचरांना पाणी मिळतं, सफरचंदाच्या बागा तगतात. चिल्लई कलां कोरडी गेली की काश्मिरी शेतकरी आभाळाकडे बघत बसतो.

वाशिमच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. मृग कोरडा गेला की आमच्याकडे सोयाबीनची पेरणी अडते, आर्द्रातही नाही आला तर घरातलं बोलणं कमी होतं. बर्फ हा त्यांचा पाऊस आहे. गोल्फ कोर्सवर चहा पिताना माझ्या इन्स्ट्रक्टरला मी आमच्या नक्षत्रांविषयी सांगितलं आणि त्याने मला चिल्लईचे चाळीस, वीस आणि दहा दिवस बोटांवर मोजून दाखवले. दोघांची शाळा वेगळी, पण हिशेब एकच.

मग आपण काय करायचं? एक, बुकिंग करताना पैसे परत मिळतील किंवा तारीख बदलता येईल असंच घ्या. दोन, निघायच्या आठवडाभर आधी हॉटेलला फोन करून खालच्या उतारांवर बर्फ आहे का, ते विचारा. तीन, बर्फ कमी असला तर इन्स्ट्रक्टरला घेऊन कोंगडोरीला जा, तिथे वर बर्फ असतो. चार, शंभर रुपयांसाठी स्लेजवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालू नका. दर विचारा, पटला तर बसा, नाही तर गोड हसून नाही म्हणा.

घरचे काय म्हणतील?

काश्मीर म्हटलं की आईचा पहिला प्रश्न स्कीइंगविषयी नसतो. आणि तो प्रश्न चुकीचाही नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं. त्यातले सहा जण महाराष्ट्रातले होते, डोंबिवलीचे, पनवेलचे, पुण्याचे. आपल्यासारखेच सुट्टीवर गेलेले. त्याआधी ऑक्टोबर २०२४मध्ये गुलमर्गजवळच्या बोटापथरी भागात लष्कराच्या गाडीवर हल्ला झाला होता. पहलगामनंतर जम्मू-काश्मीरमधली ४८ पर्यटनस्थळं बंद करण्यात आली होती, मग ती टप्प्याटप्प्याने उघडू लागली.

'काही होत नाही गं आई' म्हणून हे उडवून लावू नका. जायच्या आधी त्या आठवड्यातल्या सरकारी सूचना बघा. प्रशासनाने बंद ठेवलेल्या जागी 'ओळखीचा ड्रायव्हर आहे' म्हणून जाऊ नका. रोज संध्याकाळी घरी एक फोन करा. इतकं करूनही मन तयार होत नसेल तर नका जाऊ. स्कीइंग शिकायला हिमाचलमध्ये सोलांग आहे, उत्तराखंडमध्ये औली आहे. औलीला सरकारी कोर्सही असतात. फक्त जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे जानेवारी २०२३मध्ये, तिथली जमीन खचू लागल्यावर बंद झाला होता. म्हणून जायच्या आधी रस्त्याचा आणि रोपवेचा ताजा हाल विचारा.

दुसरा धोका बर्फाचाच. अफरवटच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ला हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ला खिलनमर्गच्या बाजूला रशियाचा एक स्कीअर गेला. ही मंडळी नवशिकी नव्हती. गोंडोलाच्या वरच्या स्टेशनवरून चारी बाजूंना सुंदर, मोकळे उतार दिसतात. त्यातला गस्त असलेला भाग थोडाच आहे. बाकी सगळा रानटी डोंगर. मार्चमध्ये दुपारी ओला, जड बर्फ आपल्याच वजनाने सुटतो, म्हणून साबुदाण्याचं घड्याळ इथे जिवावरचं होतं. वर जायचं तर गाईडबरोबर, सकाळी, आणि पट्टी लावून बंद केलेल्या उताराकडे बघायचंसुद्धा नाही. वारा वाढला की गोंडोला बंद ठेवतात. अशा वेळी खिडकीवर भांडू नका, खाली कहवा प्या.

आसेगाव ते अफरवट

पोचायचं कसं? मुंबई-पुण्याहून विमानाने श्रीनगर, सोप्पं. आमच्या भागातून म्हणाल तर दोन रस्ते. पहिला, समृद्धी महामार्गावर शेलूबाजारला चढायचं, नागपूर गाठायचं आणि तिथून दिल्लीमार्गे विमान. दुसरा रस्ता रेल्वेचा. नागपूरहून कटऱ्याला थेट गाड्या जातात आणि जून २०२५पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली. चिनाबच्या त्या प्रचंड पुलावरून बर्फाचे डोंगर बघत जायचं. वेळ लागतो, पण तिकीट विमानाच्या मानाने स्वस्त आणि आजूबाजूचे लोक पोळीभाजी विचारतात.

श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत साधी टॅक्सी. तिथून वर १३ किलोमीटरचा घाट. बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी वर सोडतात.

खर्चाचे मोठे कप्पे पाच, प्रवास, राहणं, इन्स्ट्रक्टर, स्कीचं भाडं, लिफ्टचं तिकीट. वाचवायचे असतील तर प्रवास आणि राहणं इथे वाचवा. तिकीट लवकर काढा, गुलमर्गऐवजी टंगमर्गला राहा, चौघांत टॅक्सी करा. इन्स्ट्रक्टर आणि बुटांत काटकसर नको. गोंडोलाची तिकिटं निघायच्या आधीच ऑनलाइन काढून ठेवा. पहिले तीन दिवस वरच्या टप्प्याचं तिकीट काढूच नका, तुम्ही गोल्फ कोर्सवरच असणार आहात.

जेवणाची चिंता नको. राजमा-भात सगळीकडे मिळतो. शाकाहारी असाल तर नदरू, म्हणजे आपली कमळकाकडी, आणि हाक नावाची पालेभाजी जरूर खा. मांसाहारी असाल तर तुमची चैनच आहे. मिठाचा गुलाबी चहा, नून चाय, पहिल्या घोटाला विचित्र लागतो. तिसऱ्या दिवशी आपणच मागतो.

बॅगेत काय-काय?

• गॉगल, चांगल्या प्रतीचा. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. डोळे भाजतात, अक्षरशः. दुखणं रात्री सुरू होतं.
• सनस्क्रीन आणि लिप बाम. दर हजार मीटरला अतिनील किरणांचा जोर साधारण १० टक्क्यांनी वाढतो. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, ऊन तिथे खालून येतं.
• थंडीचे कपडे एकावर एक. आत घाम शोषणारा, मध्ये उबदार, वर पाणी न शिरणारा. जीन्स नको, भिजली की वाळत नाही.
• वॉटरप्रूफ हातमोजे आणि लोकरी मोज्यांचे तीन जोड. हेल्मेट भाड्याने मिळतं, घ्याच.
• पोस्टपेड सिम. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड तिथे दगा देतं.
• विम्याची पॉलिसी. 'साहसी खेळ वगळून' अशी बारीक अक्षरातली ओळ आहे का, ते आधी वाचा.
• पाण्याची बाटली. थंडीत तहान कळत नाही आणि उंचीवर पाणी कमी पडलं की डोकं दुखतं. पहिल्या दिवशी फक्त गावात फिरा, दारू टाळा. डोकेदुखी-मळमळ वाढतच गेली तर खाली श्रीनगरला उतरा.
• निघायच्या महिनाभर आधीपासून रोज बैठका आणि जिने. मांड्यांची तयारी नसेल तर दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना आई आठवते.

तर मंडळी, कॅलेंडर उघडा. मार्चचा पहिला पंधरवडा बघा, एक शनिवार-रविवार पुढे, एक मागे, मध्ये पाच दिवस रजा, असे नऊ दिवस निघतात. रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं, ते तुमचं तुम्ही बघा. 'प्रशिक्षण' लिहिलंत तर ते खोटं ठरणार नाही.